खोपा कोणी विणला?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका खेड्यात मराठी शिकवते. मागच्या पंधरवड्यात वर्गात बहिणाबाईंची सुगरणीच्या खोप्याची कविता घेतली. आदल्या दिवशी मुलांना सांगितलं होतं, कुठे खोपे टांगलेले असतील तर बघून या. दुसऱ्या दिवशी मी कविता चालीवर म्हटली, मुलांनीही म्हटली, आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "बाई, आमच्या इहिरीवर खोपे हायेत. पिवळ्या डोक्याचं पाखरू इनतं. तो तर नर ना? मग कवितेत 'तिनं' कसं?" मला उत्तर देता आलं नाही. "बघून सांगते" म्हणाले.

मधल्या सुट्टीत विज्ञानाच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, मुलाचं बरोबर आहे. मग म्हणाले, "मॅडम, कवितेने मन रमतं, तेवढंच. ज्ञान आमच्या तासाला." सर मनाने चांगले आहेत, सहज बोलून गेले. मला मात्र ते लागलं. बारा वर्षं मी कथा-कविता शिकवतेय. जे घडलंच नाही, किंवा जे चक्क चुकीचं आहे, त्यातून मुलांना कळतं तरी काय? मी नेमकं काय शिकवते? आणि त्या मुलाला आता काय सांगू?

— एक शिक्षिका

प्रिय बाई,

मीही आयुष्यभर मराठीच शिकवलं, त्यामुळे तुम्हाला 'बाई'च म्हणते.

आधी त्या मुलाचं बघू. उद्या वर्गात गेलात की सगळ्यांसमोर सांगा, "तुझं बरोबर आहे, खोपा नरच विणतो." 'पण कवितेत तसं चालतं' अशी शेपटी मागे लावू नका. पोरगं विहिरीवर गेलं, उभं राहून बघितलं, आणि पाहिलेलं घेऊन वर्गात कवितेला प्रश्न विचारला. मी इतकी वर्षं शिकवलं, असं माझ्या वर्गात दोन-तीनदाच घडलं असेल. त्याचं कौतुक करायला एक दिवसही उशीर नको.

आणि चूक मान्यच करायची तर ती पुरती बघू या. पावसाळ्यात, विणीच्या दिवसांत, नराचं डोकं हळद लावल्यासारखं पिवळं होतं आणि तोंडावर गडद मुखवटा चढतो. मादी चिमणीसारखी, मातकट. नर गवताच्या किंवा शिंदीच्या पात्याला बुडाशी चोचीने खाच पाडतो, कड चोचीत धरतो आणि उडतो. त्या उडण्यानेच पात्याची लांब चिरी फाटत येते. ती फांदीच्या टोकाला गुंडाळायची, टोक खालून वर काढायचं, ओढायचं, परत जायचं. साधारण 18 दिवस आणि पाचशेच्या आसपास फेऱ्या. खोपा अर्धा विणून हेल्मेटसारखा दिसायला लागला की तो पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरून तपासते. पसंत पडला तर तो पुढे विणून खालची लांब नळी पुरी करतो आणि आतली आवराआवर ती करते. नापसंत झाला तर खोपा तसाच अर्धा लोंबकळत राहतो. मादी अंड्यांवर बसली की आपला नर शेजारच्या फांदीवर नवा खोपा घेतो, दुसऱ्या मादीसाठी.

या संसाराचा हा क्रम नीट उलगडून दाखवला तो पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी. 1930 साली अलिबागजवळच्या किहीमला राहत असताना ते खोप्यांसमोर आडोशाला तासन् तास बसले, कोणता खोपा कोणत्या नराचा, कोणत्या खोप्यात कोणती मादी शिरली, हे टिपत गेले. पुढच्या वर्षी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. त्या वेळी बहिणाबाई पन्नाशीच्या होत्या आणि तुमच्याच जिल्ह्यात शेतात राबत होत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. गाणी तोंडात होती, ती घरच्यांनी ऐकून कागदावर उतरवली. 1951 साली त्या गेल्या, आणि 1952 साली पुस्तक आलं.

तुमच्या पाठ्यपुस्तकात कवितेचं एक कडवं आहे का बघा, नसेल तर मूळ संग्रहात मिळेल. त्यात बहिणाबाई म्हणतात की सुगरण एवढी चतुर, आणि तिला जन्माचा सांगाती मिळाला तो 'गण्यागंप्या नर'. म्हणजे जो बिचारा पाचशे फेऱ्या मारतो त्याला त्या गण्यागंप्या ठरवून मोकळ्या झाल्या. शिवाय तो जन्माचा सांगातीही नसतो. एका कवितेत या पाखराबद्दलच्या दोन गोष्टी चुकल्या, आणि कारागिरी ज्याची होती त्याच्याच पदरात नालायकी पडली. हे सगळं मुलांना सांगा. बहिणाबाईंचा त्यात काही अपमान नाही.

हो, एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायला हवी. या पाखराला आपण मराठीत 'सुगरण' म्हणतो. हे नाव बाईचं आहे, चांगलं रांधणाऱ्या, घर नेटकं ठेवणाऱ्या बाईचं. एवढं सुबक घर बघितल्यावर 'हे बाईचंच काम' असं कोणीतरी कधीतरी ठरवून टाकलं आणि भाषेने ते धरून ठेवलं. बहिणाबाईंना ती चूक आयती मिळाली. शब्दातच दडलेली चूक शोधायला त्या मुलासारखं विहिरीवर जावं लागतं.

आता तुमचा मोठा प्रश्न. अशा वेळी आपण मराठीचे शिक्षक एका वाक्यामागे लपतो, 'काव्यातलं सत्य वेगळं असतं.' मी स्वतः हे वाक्य अनेक वर्षं फळ्यावर लिहिलं. आता लिहिणार नाही. वेगळं म्हणजे कसं, ते तपासायचं कसं, चुकलं तर कळणार कसं, याचं उत्तर त्यात नाही. आणि जे कधी चुकूच शकत नाही त्याला ज्ञान म्हणण्यात अर्थ नाही. कवितेतून काही कळत असेल तर ते खरं-खोटं करता आलं पाहिजे. तुमच्या सरांशी माझं इथपर्यंत एकमत आहे.

त्यांचं 'मन रमतं, तेवढंच' मात्र मला पटत नाही. ही शंका जुनी आहे. ग्रीसमध्ये प्लेटोने तिच्यापायी आपल्या आदर्श नगरातून कवींना बाहेर काढलं. त्याचं म्हणणं असं, की चित्रकार चांभाराचं हुबेहूब चित्र काढतो, पण चांभारकाम त्याला ठाऊक नसतं, आणि कवीचंही तेच. हा मुद्दा वजनदार आहे. तो मला बहिणाबाईंना लावून बघावासा वाटतो. दळण, पेरणी, कापणी, मळणी, उपणणी, त्यांनी ज्या कामांवर गाणी रचली त्यातलं एकही काम लांबून बघितलेलं नव्हतं. ही सगळी कामं त्यांच्या तळहाताला माहीत होती. वारा पडलेला असताना हातात पाटी घेऊन उपणायला उभं राहिलेल्या माणसाची तगमग ज्या बाईने गाण्यात आणली, तिला ते काम येत नव्हतं असं प्लेटोलाही म्हणता आलं नसतं. सुगरणीचं विणकाम मात्र त्यांनी बाहेरून बघितलं होतं, आणि चुकल्या त्या नेमक्या तिथेच.

आपल्याकडे अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मट या काव्यशास्त्रकाराने काव्य कशासाठी याची यादी दिली. यश, पैसा, अशुभाचं निवारण, तत्काळ मिळणारा आनंद, आणि त्यातच 'व्यवहारविदे', म्हणजे जगाचा व्यवहार कळावा म्हणून. पैसा आणि आनंद यांच्या पंगतीत त्याने कळण्यालाही पाट मांडला. पण कळतं ते कसं, याचं मला पटलेलं उत्तर काव्यशास्त्रात मिळालं नाही, न्यायशास्त्रात मिळालं. त्यात थोडं शिरू या, कारण सरांशी बोलताना तुम्हाला ते उपयोगी पडेल.

नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्र मानणारे, ज्ञानाची चार साधनं, म्हणजे प्रमाणं, मानतात. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. मुलाने विहिरीवर बघितलं ते प्रत्यक्ष. सर म्हणाले म्हणून तुम्ही मानलं ते शब्द, म्हणजे जाणत्या माणसाचं विश्वासाचं बोलणं. कविता-कादंबरी शब्दांची असली तरी या चौथ्या खात्यात बसत नाही, कारण कादंबरीकार 'हे असं घडलं, माझ्यावर विश्वास ठेवा' असं म्हणतच नाही. सरांची अडचण ती हीच. पण मधलं उपमान राहिलं. त्याचं शास्त्रातलं ठरलेलं उदाहरण असं आहे. शहरातल्या माणसाला गवय नावाचं रानातलं जनावर माहीत नसतं. त्याला कोणी रानातला माणूस सांगतो, 'गवय गाईसारखा असतो.' पुढे तो रानात जातो, गाईसारखं पण गाय नसलेलं जनावर समोर येतं, आणि त्या क्षणी त्याला कळतं, अरे, गवय म्हणतात तो हा.

मला वाटतं, साहित्य आपल्याला जे देतं ते या जातीचं आहे. ते 'सारखं' हातात ठेवतं. त्या वेळी काहीच कळल्यासारखं वाटत नाही, मन रमतं, तेवढंच. मग आपण रानात जातो. नवं गाव, नवं घर, दवाखान्याचा व्हरांडा, नाहीतर जन्मभर डोळ्यांसमोर असलेलं आपलंच माजघर. तिथे एखादी गोष्ट समोर येते आणि ओळखू येते. बौद्धांनी आणि वैशेषिक दर्शनाच्या लोकांनी उपमानाला वेगळं प्रमाण मानलं नाही, ते त्याला इतर प्रमाणांत ढकलतात. नैयायिकही ते नाव आणि वस्तू यांच्या नात्यापुरतंच ठेवतात, मी ते ओढून लांब नेते आहे. तरी माझ्या अनुभवाला दुसरं कोणतंच माप इतकं नीट बसलेलं नाही.

आणि बघा, हेच माप त्या कवितेत आहे. बहिणाबाई म्हणतात, खोपा विणला तो कसा, तर 'गिलक्याचा कोसा'. तुमच्याकडच्या पोरांना गिलकं सांगायला नको, कुंपणावर वेल असतो. (इकडे आम्ही घोसाळं म्हणतो.) गिलकं वेलावर जून होऊन वाळलं, वरची साल सोलली, की आत धाग्यांची जी जाळी राहते, अंग घासायला घेतात ती, तो कोसा. एक वाळलेलं गिलकं वर्गात न्या आणि त्या विहिरीवर खाली पडलेला एखादा जुना खोपा मिळाला तर तोही. दोन्ही मुलांच्या हातात द्या. उभे-आडवे धागे, मधली बारीक भोकं, हलकेपणा, दाबला तर दबून पुन्हा वर येणारं अंग. ज्याने खोपा कधी पाहिला नाही पण न्हाणीघरात कोसा पाहिलाय, अशा मुलाला खोपा दिसताक्षणी ओळखू येईल. विणकर कोण हे बहिणाबाईंना चुकीचं कळलं होतं. वीण मात्र त्यांनी अशी बघितली होती की आपण इतक्या वर्षांनी कोसा हातात घेऊन पडताळू शकतो.

आता माझ्या घरातलं सांगते.

माझी एक आत्या तरुणपणीच विधवा झाली आणि आमच्याकडे राहायची. संक्रांतीला घरी मोठं हळदीकुंकू असे. सकाळपासून सुगडं भरायला तीच बसायची. ऊसाची कांडी, बोरं, गाजराचे तुकडे, हरभरे, तिच्या हाताने भरलेली सुगडं ओळीने अगदी एकसारखी दिसत. चार वाजता बायका यायला लागल्या की ती पदराला हात पुसत उठायची आणि म्हणायची, "जरा मागचं बघून येते." मी हे वाक्य लहानपणापासून दरवर्षी ऐकलं होतं. त्यात ऐकण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मी हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' वाचली. 1890 च्या सुमाराला 'करमणूक' साप्ताहिकातून ती येत होती. यमू नावाची मुलगी तिच्यात स्वतःची गोष्ट 'मी' म्हणून सांगते, आणि विधवा झाल्यावर त्या घरात तिचं काय होतं, बळजबरीने केशवपन कसं होतं, ते वाचताना माझे हात गार पडले होते. पण वाचून झाल्यावर मी ती बंद केली, परीक्षेला चार मुद्दे पाठ केले आणि विसरले. माझ्या घरात कोणाचं केशवपन झालेलं नव्हतं. ती जुन्या काळची गोष्ट होती, यमू कधी जन्मालाही आलेली नव्हती.

त्या वर्षीच्या संक्रांतीला मी गुलाबदाणी घेऊन दाराशी उभी होते. आत्या म्हणाली, "जरा मागचं बघून येते," आणि मी गुलाबदाणी खाली ठेवून तिच्या मागे गेले. मागे बघण्यासारखं काहीही नव्हतं. भांडी घासून पालथी घातलेली होती, गाईला वैरण टाकलेली होती. आत्या तुळशीपाशी उभी होती, नुसती. बाहेरून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता.

तिला आत जायला कोणी सांगितलं नव्हतं, आजीने नाही, आईनेही नाही. कोणाला तसं सांगावं लागू नये म्हणून तिने ते काम शोधून काढलं होतं. हे मला त्या क्षणी कळलं. आधी वीस वर्षं डोळ्यांनी बघत होते, म्हणजे प्रत्यक्ष होतंच. त्या प्रत्यक्षाला काय म्हणायचं ते मला ठाऊक नव्हतं. न जन्मलेल्या यमूने ते मला दिलं. पुढे पुष्कळ वर्षांनी धीर करून मी आत्याला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, कुणी जा म्हणायच्या आधी गेलेलं बरं." म्हणजे मला जे कळलं होतं ते खरं होतं.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि उरलेला भाग सांगितला नाही तर मी तुम्हाला अर्धंच सांगितलं असं होईल. त्याच्या पुढच्या वर्षी मी, डोक्यात ती कादंबरी घेऊन, आत्याचा हात धरून तिला बैठकीत ओढत आणलं आणि सगळ्यांसमोर तिच्या कपाळाला कुंकू लावायला गेले. ती थरथरायला लागली. हात सोडवून आत निघून गेली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिला काय हवं आहे हे मी तिला विचारलं नव्हतं, यमूला विचारलं होतं. तिला कुंकू नकोच होतं. तिला हवं होतं ते एवढंच, की बायका बसलेल्या असताना तिने भरलेली सुगडं तिनेच बाहेर आणावीत. हे मला फार उशिरा कळलं, आणि तेही तिच्याच तोंडून.

म्हणून सरांच्या शंकेत जे खरं आहे ते मी टाकून देत नाही. 'गाईसारखा' एवढंच ऐकून रानात गेलेला माणूस भलत्याच जनावरालाही गवय म्हणून बसेल. ओळख पटली असं वाटणं आणि ओळख खरी असणं या दोन गोष्टी आहेत, आणि मधलं अंतर जाऊन, बघून, विचारून पार करावं लागतं. कादंबरी ते अंतर चालून देत नाही. आपल्याकडे पौराणिक आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांनी या बाबतीत पुष्कळ घोळ घातला आहे, हे मी मोठ्या प्रेमाने त्या कादंबऱ्या वाचलेली बाई म्हणून सांगते. द्रौपदीने भर स्वयंवरात 'मी सूतपुत्राला वरणार नाही' म्हणून कर्णाला नाकारलं, हा प्रसंग मराठी घरांत सगळ्यांना तोंडपाठ असतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 पासून 1966 पर्यंत खपून, देशभरातल्या हस्तलिखितांशी ताडून महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्या मुख्य संहितेत तो प्रसंग नाही. कर्णाचं दुःख ओळखायला कादंबरीने शिकवलं असेल. 'असं घडलं' हे मात्र तिच्या भरवशावर बोलायचं नाही.

सरांशी एकदा चहा घेताना आणखी एक गोष्ट काढा, वादासाठी म्हणून नको. ते गतीचे नियम शिकवताना मुलांना सांगतात, 'घर्षण नाही असं समजा.' असा पृष्ठभाग कुणी पाहिलेला नाही. तो मनात मांडल्यावरच खऱ्या रस्त्यावरच्या गाडीचं काहीतरी कळतं. यमूही तशीच मांडलेली आहे. फरक असा, की सरांकडे पुढे मोजपट्टी आणि घड्याळ असतं, म्हणून त्यांची चूक लवकर पकडली जाते. आपल्याकडे माणसंच असतात, त्यांना विचारावं लागतं, आणि ती लवकर सांगत नाहीत.

म्हणूनच मला जात्यावरच्या ओव्यांचं फार अप्रूप वाटतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या संशोधकांनी आणि त्यांच्यासोबतच्या कार्यकर्त्यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. सातबाऱ्यावर त्या बायकांचं नाव नव्हतं, गॅझेटियरमध्ये त्यांच्यासाठी रकाना नव्हता. सासरी पहिल्या रात्री कसं वाटलं, भाऊ भेटीला आला नाही तेव्हा काय झालं, हे आज कोणाला जाणून घ्यायचं असेल तर पहाटे दळताना त्या एकमेकींना जे सांगत होत्या, तेवढंच हाताशी आहे. बहिणाबाई त्यांच्यातल्याच. यावर खूप लिहिता येईल, पण तुमचा मुलगा विहिरीवर थांबला आहे.

त्या खोप्याकडे शेवटचं एकदा बघू. नर विणतो हे खरं. पण विणून झाल्यावर तो पुढच्या खोप्याकडे वळतो. अंडी उबवते ती मादी, पिलांना चारण्याचा बहुतेक भार तिच्याच चोचीवर. पिलं खोप्यात असताना, तो झोका वाऱ्यावर हलत असताना, आत-बाहेर करणारी दिसते ती मातकट मादी. आता बहिणाबाईंचं घर आठवा. तेराव्या वर्षी लग्न, ऐन तिशीत वैधव्य, पदरात तीन लेकरं. 'पिलासाठी तिनं' हे शब्द त्यांच्या तोंडी आले. कविता म्हणजे त्यांचं आत्मचरित्र आहे असं मी म्हणत नाही, तसं वाचलं की कविता मरते. पण पिलांचा भार एकटीवर पडल्यावर झाडाला जीव टांगून जगणं म्हणजे काय, हे त्या बाईला जितकं माहीत होतं तितकं किहीमच्या आडोशाआड बसून दिसलं नसतं. आणि नराच्या दुसऱ्या खोप्याचं जळगावच्या शेतातून येता-जाता कळलं नसतं. मला दोघंही हवे आहेत. त्या मुलाला दोघंही मिळावेत असं वाटतं.

तेव्हा वर्गात असं करून बघा. श्रावण संपायच्या आत एक दिवस मुलांना घेऊन त्या विहिरीवर जा, सरांनाही बरोबर न्या. तासभर बसायचं, बोलायचं नाही. पिवळं डोकं किती वेळा आलं, मातकट किती वेळा, चोचीत काय होतं, हे वहीत लिहायचं. खोपे झाडाच्या कोणत्या अंगाला जास्त आहेत तेही बघायला लावा. नैर्ऋत्येचा पाऊस-वारा चुकवायला ते बहुधा पूर्वेकडे असतात, तुमच्याकडे तसं आहे का ते मुलंच सांगतील. परत आल्यावर कविता पुन्हा म्हणा, 'गण्यागंप्या'च्या कडव्यासकट. मग विचारा, यातलं काय चुकलं आणि काय नाही. 'पाखराची कारागिरी जरा देख' असं कवितेतच म्हटलं आहे. तुमच्या मुलाने ते शब्दशः ऐकलं, आणि त्या ऐकण्यातूनच कवितेची चूक सापडली. सरांना एवढं जरूर सांगा, की तो मुलगा त्या विहिरीवर रोज जात होता. त्या दिवशी थांबून बघितलं ते मराठीच्या तासामुळे.

परीक्षेचं म्हणाल तर एक सवय लावा, 'खोपा मादी बांधते' असं लिहायचं नाही, 'कवितेत म्हटलं आहे की' असं लिहायचं. पाचवी-सहावीच्या मुलांना हे जमतं, मी करून घेतलेलं आहे. कोण म्हणतंय हे वेगळं काढता यायला लागलं की पुढे वर्तमानपत्र वाचतानाही ते उपयोगी पडतं.

'मी नेमकं काय शिकवते' या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर वर आत्याच्या गोष्टीत आलं आहे. तुमच्या वर्गातली एखादी मुलगी आज ही कविता नुसती पाठ करेल. दहा-पंधरा वर्षांनी कोणाच्यातरी मागच्या दारी ती थबकेल, तेव्हा तुम्ही तिथे नसाल आणि तुम्हाला ते कोणी कळवणारही नाही. आपल्या कामाचं हे असंच आहे, मला त्याचं दुःख वाटायचं, आता वाटत नाही.

विहिरीवर गेलात की त्या मुलाला एक गोष्ट मुद्दाम दाखवा. पुऱ्या खोप्यांच्या मध्ये काही अर्धेच खोपे लोंबत असतील, नळी नसलेले, कोणी न राहिलेले. नराने इतके दिवस खपून विणलं, आणि मादीने आत डोकावून नको म्हटलं, ते हे. त्यावर त्याला काय वाटतं ते चार ओळींत लिहायला सांगा. गद्यात लिहू दे, त्याच्या बोलीत लिहू दे, शुद्धलेखन तपासू नका. लिहिलं तर मला पाठवा, मी वाट बघते.

आणि मुलांना न्यायच्या आधी विहिरीला कठडा आहे का तेवढं स्वतः जाऊन बघून या.

तुमची,
ताई